बॉदर म्हणजे माशी

मुनीर सर,

तुमचा शेवटचा मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. दोनच शब्द, इंग्रजीत, आणि पुढे टिंब. डोन्ट बॉदर. तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. या सतरा दिवसांत मी तो किती वेळा उघडला ते सांगत नाही, तुम्ही हसाल. टिंबावर बोट ठेवून मोठं करूनही पाहिलं. ते टिंब रागाचं आहे की नुसतं सवयीचं, हे काही त्यातून दिसत नाही.

तुम्ही म्हणायचात, हा शब्द कागदावर मुका असतो. आवाज ऐकल्याशिवाय तो काय म्हणतोय ते कळत नाही. एवढं तुम्हीच मला शिकवलं होतं आणि तरी मी फोन उचलून तुमचा आवाज ऐकला नाही. आज जे लिहितेय ते या एका गोष्टीसाठी लिहितेय. बाकी तुमचं शिक्षण, नोकरी, बक्षिसं शाळेच्या फळ्यावर कोणीतरी लिहीलच.

बावीस वर्षं आपण पांढरकवड्याच्या एकाच शाळेत होतो. तुम्ही इंग्रजीचे, मी मराठीची. आठवी अ आणि आठवी ब यांच्यामध्ये भिंत नव्हती, प्लायवूडचं पार्टिशन होतं आणि त्याला खालून हातभर फट. एका बाजूने हायवेवरचे ट्रक आणि दुसऱ्या बाजूने तुमचा वर्ग. मी कवितेत जरा रंगले की फटीतून पन्नास पोरांचा कोरस घुसायचा. पहिल्याच आठवड्यात मी एका मुलीच्या हाती चिठ्ठी पाठवली, ‘कृपया आवाज कमी ठेवण्याची तसदी घ्यावी.’ चिठ्ठी लगेच परत आली. खाली तुमच्या वळणदार अक्षरात, ‘सॉरी फॉर द बॉदर.’ आणि आवाज होता तेवढाच.

मधल्या सुट्टीत तुम्ही स्वतः आलात.

“राऊतबाई, तसदी तं आमच्या घरचा शब्द हाय. तुमी कवा नेला?”

“तुम्ही इंग्रजांच्या घरून बॉदर आणलात तेव्हा आम्ही विचारलं का?”

तुम्ही इतके मोठ्याने हसलात की हेडमास्तर खोलीबाहेर आले. अख्ख्या शाळेची मी मॅडम, तुमची मात्र त्या दिवसापासून बाई झाले.

त्या शब्दाचा आणि आपला मग पिच्छाच सुटला नाही. एकदा पलीकडे तुम्ही विचारत होतात, बॉदर म्हणजे काय? पोरांनी त्रास, कटकट, डोक्याला ताप, सगळं सांगून झालं. तुम्ही प्रत्येकाला ‘अजून सांगा’ म्हणत होतात. शेवटी पोडावरून, जंगलाकडच्या वस्तीवरून येणारी एक कोलाम मुलगी हळूच म्हणाली, “सर, माशी.” वर्ग खदखदून हसला. इकडे माझा खडू हवेतच राहिला होता.

“हसता काहून बे? बरोबर हाय तिचं,” तुम्ही म्हणालात. “इरिटेट म्हणजे गोमाशी, ते चावते. बॉदर म्हणजे घरातली माशी. चावत नाही, डसत नाही. पण हाकललं तरी येते.”

त्यानंतर मी चिठ्ठी घेऊन दारात उभी राहिले की तुम्ही वर्गाकडे वळून म्हणायचात, “आली पाहा बॉदर.” मी वरवर चिडायचे. खरं सांगते, मला ते आवडायचं. नवरा गेल्यावर मला चिडवणारं माणूस घरात उरलं नव्हतं.

स्टाफरूममधला आपला वाद आठवतो? तुम्ही म्हणालात, इंग्रजांची कमाल आहे, त्रास देणं आणि त्रास घेणं दोन्हीला एकच शब्द. माशी बॉदर करते, आणि आजारी माणसाला भेटायला दोन गाड्या बदलून जाणाराही बॉदर करतो. मी म्हटलं, त्यात कमाल कसली, आमच्यातही त्रास एकच आहे, फक्त पुढे एक देतो आणि एक घेतो. तुम्ही चहाचा कप तसाच धरून बसलात. मग म्हणालात, “हे आपल्या ध्यानात नव्हतं बाई.” तुम्ही हरलात असा तो एकच वाद. तो मी जपून ठेवलाय.

आणि एक दिवस असा होता की तुम्ही काही बोलला नाहीत. पर्यवेक्षकाची जागा मला मिळणार हे सगळे धरून चालले होते आणि ती माझ्याहून सहा वर्षं मागून आलेल्या माणसाला मिळाली. मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत म्हटलं, मला काही फरक पडत नाही. तुम्ही नुसतं माझ्याकडे पाहिलंत. ‘इट डझन्ट बॉदर मी’ असं जो म्हणतो त्यालाच सगळ्यात जास्त लागलेलं असतं, हे तुम्ही आदल्याच आठवड्यात पोरांना शिकवलं होतं आणि मी फटीतून ऐकलं होतं. तुम्ही उठलात, बाहेरच्या टपरीवरून चहा आणलात, माझ्यासमोर ठेवलात आणि आपल्या तासाला निघून गेलात. त्या चहाचे आभार मी मानले नाहीत. आज मानते.

आता त्या वहीकडे यावंच लागेल. मी टाळतेय हे तुम्हाला कळलं असेलच.

दोघंही निवृत्त झालो. मी मुलाकडे पुसदला आले, तुम्ही पांढरकवड्यातच राहिलात आणि वही लिहायला घेतली. खेड्यापाड्यांतून येणाऱ्या पोरांसाठी इंग्रजी शब्दांची वही. एकेक शब्द, आणि खाली तो आपल्या बोलीत कसा म्हणतात ते. दोन वर्षं खपलात त्यावर. मग ती माझ्याकडे पाठवलीत, “बाई, फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहून द्या.”

मी लाल पेन घेतलं आणि पहिल्या पानापासून सुरू झाले. ‘मले’ कापून ‘मला’ केलं. ‘काहून’ कापून ‘का’ केलं, ‘कायले’ कापून ‘कशाला’ केलं. ‘आय अ‍ॅम कमिंग’च्या खाली तुम्ही मुलींसाठी लिहिलं होतं, ‘मी येऊन राह्यली.’ मी ते खोडून ‘मी येत आहे’ लिहिलं. दीडशे पानं झाली तेव्हा वहीत निळं कमी आणि लाल जास्त दिसत होतं. मला वाटलं, केवढं काम केलं मी तुमच्यासाठी.

वही पोचली त्याच दिवशी तुमचा फोन आला.

“बाई, म्या ऱ्हस्व-दीर्घ पाहाले सांगतलं होतं. तुमी तं पोट्ट्याईची जीभच कापून ठेवली.”

“छापील पुस्तकात हे चालत नाही, सर.”

“कोणाले चालत नाही?”

“कोणालाच.”

“तुमी सोता कशा बोलता? स्टाफरूममंदी ‘मी गेली’ अन फळ्यावर ‘मी गेले’. मले काय मालूम नाही?”

हे मला झोंबलं. तुम्ही बरोबर जागा पाहून बोललात. मी म्हटलं, “मग तुम्हीच छापा तुमचं,” आणि फोन ठेवला. त्यानंतर चार महिने आपण बोललो नाही.

त्या दिवशी जे बोलायचं होतं ते आज बोलते. मी मुकुटबनची, सर. यवतमाळला कॉलेजात पहिल्या आठवड्यात मी उभी राहून ‘मले समजलं नाही’ म्हटलं आणि वर्ग हसला. प्राध्यापकही हसले. मी वर्षभर तोंड उघडलं नाही. वर्षभर एकटीने, ओठ हलवत, मला, मला, मला. ते लाल पेन मी तुमच्या वहीवर चालवत नव्हते, त्या वर्गावर चालवत होते. तुमच्या वहीतून शिकलेल्या एखाद्या पोरीला कोणी हसू नये एवढंच माझ्या मनात होतं. पण हे मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगायला कॉलेजातल्या त्या पोरीसारखं रडावं लागलं असतं, आणि मी पडले बाई. तुम्हाला वाटलं असेल, मला आपल्या बोलीची लाज वाटते. खोटं कशाला बोलू, थोडी वाटतही होती.

मग शाळेतल्या एका जुन्या शिपायाचा फोन आला. “मॅडम, मुनीर सरची तब्येत लय खराब झालती. नागपूरहून घरी आणलं.” मी फोन हातात घेऊन किती वेळ बसले. सरळ तुम्हाला फोन लावायचा तर आधी सॉरी म्हणावं लागणार, आणि ते तोंडातून निघेना. म्हणून इंग्रजीत लिहिलं. वर्गाच्या दारात उशिरा आलेलं पोर विचारतं तसं. मे आय कम ऑन संडे, सर? मला वाटलं, तुम्हाला कळेल, बाई दारात उभी आहे.

दहा मिनिटांनी तुमचं उत्तर आलं. डोन्ट बॉदर.

त्या दोन शब्दांना तुम्ही वर्गात दोन तोंडं सांगितली होती. एक हसरं, म्हणजे तुम्हाला उगाच तसदी नको. दुसरं आंबट, म्हणजे तुमची काही गरज नाही. मी लगेच दुसरं धरलं. मनात चार महिन्यांचं होतंच. मुलगा म्हणाला, “आई, एक फोन करून पाहा ना.” मी त्याला म्हटलं, “त्यांनी स्वच्छ लिहिलंय, मला इंग्रजी येतं.” तुमच्यासाठी तक्कू केला होता, कैरी किसून, कांदा घालून, वर तेलाची फोडणी, तुम्हाला लागतो तसा तिखटजाळ. बरणी पिशवीत भरली होती. ती काढून फ्रिजमध्ये ठेवली. रविवारी दिवसभर मी घरातच होते. दुपारी गहू निवडले. इतके निवडले की सूनबाई म्हणाली, आई, हे गहू कालच निवडलेत तुम्ही.

बुधवारी सकाळी पुन्हा शिपायाचा फोन आला.

पुसदहून गाडी बदलून पोचेपर्यंत चार वाजले. दुपारच्या नमाजनंतर तुम्हाला नेलं होतं. दारात चपलांचा ढीग. आत बायकांच्या गर्दीत शमीम भाभी बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, “आल्या?”

एवढंच. आणि परत मान खाली.

सर, तुमचे दोन शब्द कमी होते म्हणून की काय, आता भाभींचा एक शब्द माझ्या मागे लागला. आल्या? म्हणजे आता आल्या? म्हणजे तेव्हा कुठे होता? परतीच्या गाडीत तेच, घरी तेच. भाकरी थापताना तेच. भाभींना सगळं माहीत असणार. तुम्ही त्यांच्यापासून काही लपवत नव्हतात. तुम्ही माझ्यावर राग धरून गेलात की नाही, हे सांगू शकणारं जगात एकच माणूस उरलं होतं आणि त्यांना विचारायची मला भीती वाटत होती.

दहा दिवस मी ती भीती काढली. मग गेल्या शनिवारी उठले, बरणी घेतली आणि निघाले. फोन केला नाही. केला असता तर पुन्हा कुठला तरी शब्द आडवा आला असता.

भाभी इद्दतमध्ये आहेत, बाहेर पडत नाहीत. आतल्या खोलीत खाटेवर बसून तुरीची डाळ निवडत होत्या. मी बरणी खाली ठेवली. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, परत लावलं आणि रडल्या. मीही रडले. पण माझं रडणं पुरतं खरं नव्हतं, सर. आत मी घाबरलेली होते. शेवटी विचारलं.

“भाभी, सर माझ्यावर रागावले होते का?”

“कायचा राग?”

“वहीचा. मी येऊ का विचारलं तर नको म्हणाले.”

भाभींनी सूप बाजूला ठेवलं. माझ्याकडे अशा पाहात राहिल्या जसं मी काही परक्या भाषेत बोलले.

“नको कवा म्हणाले? मी बाजूलाच होती ना बाई. तुमचा मेसेज आला तं मले वाचून दाखवला. म्हणे, बाईनं इंग्रजीत लिहिलं, म्हणजे राग उतरला. म्या म्हटलं, मंग ‘या’ म्हणून लिहा. ते म्हणे, बाईले ‘या’ कायले म्हणा लागते? ‘कायले येता’ लिहितो, म्हणजे येतेच. असं म्हणून लिहाले बसले अन थांबले. म्हणे, नाही, ‘कायले’ले लाल शाई लागते. हसले, लय दिवसांनी हसले. अन मंग इंग्रजीत लिहिलं.”

मला पुढचं ऐकायचं नव्हतं आणि ऐकल्याशिवाय उठताही येत नव्हतं.

“रविवारी?”

“रविवारी दाढी करून मांगली. पांढरा सदरा काढाले लावला. समोरच्या खोलीत बसले. मी म्हटलं, डॉक्टरनं झोपून राहाले सांगतलं हाय. तं म्हणे, दुपारची गाडी अजून याची हाय. चारले आपल्या मनानंच आत आले.”

“काय म्हणाले?”

“म्हणे, बरं झालं नाही आल्या. ऊन लय हाय.”

निघताना भाभींनी वही माझ्या हातात दिली. तुम्ही सांगून ठेवलं होतं म्हणे, बाईला द्या, पुढचं त्या पाहतील. गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. मी सरळ ‘बॉदर’चं पान काढलं. कोलाम मुलीची माशी तिथे होती. गोमाशी होती. त्रास देतो आणि त्रास घेतो, हेही होतं, आणि पुढे लिहिलं होतं, ‘हे राऊतबाईनं सांगतलं.’ मी वही तपासली तेव्हा ही ओळ माझ्या नजरेतून कशी सुटली? सुटली नव्हती. ‘सांगतलं’चं मी ‘सांगितले’ केलं होतं.

आणि खाली डोन्ट बॉदर. तुम्ही लिहिलं होतं, ‘पाहुणा म्हणते, येतो. आपण म्हणतो, कायले येता उनातानात. म्हणजे या.’

त्या तिन्ही वाक्यांवर लाल रेघ होती. पट्टी लावून मारल्यासारखी सरळ. समासात माझ्या सुवाच्य अक्षरात शेरा, ‘अर्थ उलटा होतो. येऊ नका, असा सरळ अर्थ द्यावा.’

तुम्ही मला उत्तर चार महिने आधीच लिहून पाठवलं होतं, सर. ते मीच खोडलं. मग तुम्ही माझ्याशी मला चालेल अशा भाषेत बोललात आणि मी त्यात तोच सरळ अर्थ वाचला जो मी स्वतः समासात लिहिला होता. मुकुटबनमध्ये जन्मलेल्या बाईला ‘कायले येता’ कळलं नाही. माझ्या आईने आयुष्यात एकाही पाहुण्याला ‘या’ म्हटलं नाही. ती कायले येता, कायले आणलं, कायले बसता खाली, असंच बोलायची आणि तोवर चुलीवर चहा उकळत असायचा. हे मी विसरले. नाही, विसरले नाही, घासून घासून काढून टाकलं.

माशीला एवढं कळतं. हाकललं तरी येते.

दोन दिवस झाले, वही घेऊन बसतेय. लाल शाई खोडता येत नाही, म्हणून खोडलेल्या प्रत्येक शब्दाखाली टिंबं देतेय आणि बाजूला ‘कायम’ लिहितेय. मात्र एक सांगते, तुमचं सगळं मला मान्य नाही. तुमच्या ओळीखाली मी लहान अक्षरात एक पुस्तकी ओळ घालणार आहे. त्या पोरींना उद्या यवतमाळला जायचंय, पुण्याला जायचंय, तिथे त्यांच्या हातात दोन्ही पाहिजेत. तुम्ही असता तर यावरून पुन्हा फोन आपटला असतात. आपटा. या वेळी मी परत लावला असता.

आज सकाळी भाभींना फोन केला. तुमच्या चाळिसाव्याला येते म्हटलं, वहीतलं काही विचारायचंही आहे म्हटलं. त्या म्हणाल्या, “कायले येता बाई? लय लांब पडते. उनही लय हाय.”

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मुलाला त्या दिवशीच्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढायला सांगितलं.

सर, मी येऊन राह्यली.